कॅमेरा होता, फुटेजही होते. मग चेहरा का दिसला नाही?

चोरी, अपघात किंवा मारामारी झाली की बातमीत एक वाक्य हमखास येते: 'संपूर्ण घटना सीसीटीव्हीत कैद'. दोन-चार दिवसांनी त्याच प्रकरणाची दुसरी बातमी येते आणि तिच्यात 'फुटेज अस्पष्ट असल्याने ओळख पटू शकली नाही' असे लिहिलेले असते. वाचणाऱ्याला प्रश्न पडतो, की मग कॅमेरा लावून उपयोग काय झाला?

बहुतेक वेळा कॅमेरा बिघडलेला नसतो. नेमून दिलेले काम त्याने चोख केलेले असते. मात्र ते काम 'इथे कुणीतरी आले' एवढे टिपण्याचे असते. 'कोण आले' हे टिपण्याची सोय त्या जागी, त्या लेन्सने, त्या प्रकाशात झालेलीच नसते. कॅमेऱ्याच्या खोक्यावर पंधरा-वीस तांत्रिक शब्द छापलेले असतात आणि त्यांतला प्रत्येक शब्द साखळीतल्या एकाच कडीविषयी बोलतो. चेहरा दिसायला सगळ्या कड्या धड लागतात. म्हणून प्रकाश लेन्समधून आत शिरतो तिथपासून फुटेज पेन ड्राइव्हवर उतरते तिथपर्यंत, त्याच वाटेने हे शब्द समजून घेऊ.

मेगापिक्सेल: जाळी किती बारीक

कॅमेऱ्यातला सेन्सर म्हणजे आलेखाच्या कागदासारखी चौकटी-चौकटींची जाळी. प्रत्येक चौकट एका वेळी एकच रंग नोंदवू शकते. ही चौकट म्हणजे पिक्सेल आणि दहा लाख पिक्सेल म्हणजे एक मेगापिक्सेल. 'टू मेगापिक्सेल', 'फुल एचडी' आणि '१०८०पी' ही एकाच जाळीची नावे आहेत: १९२० चौकटी आडव्या, १०८० उभ्या. 'एट मेगापिक्सेल' किंवा 'फोर-के' म्हणजे ३८४० आडव्या आणि २१६० उभ्या.

इथे पहिली फसगत होते. मेगापिक्सेल चौपट झाले, तरी आडव्या चौकटी फक्त दुप्पट झाल्या. म्हणजे बाकी सगळे तेच ठेवले, तर आठ मेगापिक्सेलचा कॅमेरा दोनवाल्यापेक्षा चौपट लांबचा चेहरा ओळखत नाही, दुप्पटच लांबचा ओळखतो.

खोक्यावर न छापलेला आकडा

या सगळ्या परिभाषेतला सर्वात उपयोगी आकडा खोक्यावर नसतो, कारण तो कॅमेऱ्यावर एकट्यावर अवलंबून नसतो. तो म्हणजे 'पिक्सेल प्रति मीटर'. ज्या जागी माणूस उभा राहणार, तिथल्या एक मीटर रुंदीला चित्रात किती चौकटी मिळतात, एवढाच त्याचा अर्थ.

आयईसी ६२६७६-४ या आंतरराष्ट्रीय मानकाच्या २०१४ च्या आवृत्तीत यासाठी ठरावीक पायऱ्या दिल्या आहेत. प्रति मीटर २५ पिक्सेल मिळाले तर 'माणूस आहे' एवढे कळते. ६२.५ ला कपडे, चालण्याची ढब असे ठळक तपशील दिसतात. १२५ ला ओळखीचा माणूस ओळखू येतो. अनोळखी माणसाची ओळख शंकेला जागा न ठेवता पटवायची, तर २५० लागतात.

हे चेहऱ्याच्या मापात मांडले की लख्ख समजते. माणसाचा चेहरा साधारण १६ सेंटिमीटर रुंद. २५० च्या हिशेबाने त्याला ४० चौकटी मिळतात, १२५ ला २० आणि २५ ला अवघ्या ४. चार चौकटींत दोन डोळे, नाक आणि तोंड बसवून बघा. बातमीतल्या 'अस्पष्ट' फुटेजमध्ये नेमके हेच झालेले असते.

लेन्सचे मिलिमीटर

पिक्सेल प्रति मीटरचा हा आकडा ठरतो मुख्यतः लेन्सवर. कॅमेऱ्यावर २.८ मिमी, ४ मिमी, ६ मिमी, १२ मिमी असे लिहिलेले असते. ही लेन्सची नाभीय लांबी, म्हणजे फोकल लेंग्थ. आकडा लहान तितका देखावा रुंद, आणि त्यातली प्रत्येक वस्तू तितकी बारीक. खिडकीच्या अगदी जवळ उभे राहिलात तर बाहेरचे बरेच दिसते; मागे सरकलात तर त्याच चौकटीत थोडेच मावते. फरक इतकाच, की कॅमेऱ्यात तो थोडा भाग मोठा होऊन सगळी जाळी व्यापतो.

हिशेब कागदावर करता येतो. सेन्सरची रुंदी गुणिले माणसापर्यंतचे अंतर, भागिले फोकल लेंग्थ. उत्तर म्हणजे तिथे दिसणाऱ्या देखाव्याची रुंदी. सर्रास मिळणाऱ्या १/२.८ इंची सेन्सरची रुंदी सुमारे ५.४ मिमी असते. (१/२.८ इंच हे सेन्सरचे प्रत्यक्ष माप नाही. जुन्या कॅमेरा-नळ्यांच्या काळापासून चालत आलेले ते नाव आहे, त्यामुळे भागाकार करून रुंदी काढायला जाऊ नये.)

समजा फाटक कॅमेऱ्यापासून १० मीटरवर आहे. २.८ मिमी लेन्सने तिथे सुमारे १९.३ मीटर रुंदीचा देखावा दिसेल. दोन मेगापिक्सेलच्या १९२० चौकटी त्यात वाटल्या, की मीटरमागे जेमतेम १०० येतात आणि चेहऱ्याच्या वाट्याला १६. तिथेच आठ मेगापिक्सेलचा कॅमेरा लावला तर चेहऱ्याला ३२. आता दोन मेगापिक्सेलचाच कॅमेरा ठेवा, पण लेन्स ६ मिमीची घ्या. देखावा ९ मीटर रुंद, मीटरमागे २१३ पिक्सेल, चेहऱ्याला ३४.

म्हणजे या फाटकावर योग्य लेन्सचा दोन मेगापिक्सेलचा कॅमेरा रुंद लेन्सच्या आठ मेगापिक्सेलवर मात करतो. १२ मिमी घेतली तर चेहऱ्याला ६८ चौकटी मिळतात, पण मग दिसते ती फक्त साडेचार मीटर रुंदीची पट्टी. एका कॅमेऱ्याकडून 'सगळे आवारही दिसू दे आणि चेहराही ओळखू दे' अशी अपेक्षा ठेवली की दोन्ही हातचे जाते. आवाराला एक रुंद कॅमेरा आणि जिथून आत शिरल्याशिवाय गत्यंतर नाही त्या अरुंद वाटेवर एक लांब लेन्सचा, ही वाटणी माझ्या मते कोणत्याही महागड्या कॅमेऱ्यापेक्षा जास्त कामाची.

जिथे किती मिमी लागेल याची खात्री नसते, तिथे 'व्हेरिफोकल' लेन्स घ्यावी. तिची फोकल लेंग्थ, उदाहरणार्थ २.८ ते १२ मिमीच्या दरम्यान, जागेवर फिरवून ठरवता येते. 'ऑप्टिकल झूम' म्हणजे हेच काम लेन्सने करणे. 'डिजिटल झूम' म्हणजे आधीच टिपलेल्या चौकटी मोठ्या करून दाखवणे. त्याने नवा तपशील येत नाही.

उंचीही विसरू नये. कॅमेरा ३ मीटरवर आणि चेहरा १.६ मीटरवर असेल, तर ४ मीटर अंतरावर कॅमेरा सुमारे १९ अंश खाली बघतो. तेवढे चालते. माणूस २ मीटरवर आला की कोन ३५ अंशांवर जातो आणि चेहऱ्याऐवजी डोके, टोपी, कपाळ दिसू लागते. कुणाचा हात पोहोचू नये म्हणून कॅमेरा फार उंच बांधला, की टकलाचे उत्तम चित्रण मिळते आणि चेहरा निसटतो.

मग सरळ आठ मेगापिक्सेलच का घेऊ नये?

दिवसा जरूर घ्यावा. रात्री मात्र त्याची किंमत मोजावी लागते. सेन्सरचा आकार तोच ठेवून त्यात चौपट चौकटी बसवल्या, तर प्रत्येक चौकटीचे क्षेत्रफळ पाव होते. पावसात ठेवलेल्या भांड्याचे तोंड पावपट केले तर पाणीही पावच साठणार. प्रकाशाचे तसेच आहे. म्हणून जास्त मेगापिक्सेल हवे असतील तर सेन्सरही मोठा, म्हणजे १/१.८ इंची वगैरे, आहे का हे बघावे. आणि लेन्सचा 'एफ' आकडा बघावा. तो लेन्सच्या तोंडाचा मोठेपणा सांगतो, पण उलटा: आकडा लहान तितके तोंड मोठे. एफ/१.० ची लेन्स एफ/१.६ पेक्षा अडीचपट प्रकाश आत घेते.

रात्र: लक्स, आयआर आणि तो 'टक्' आवाज

'लक्स' हे पृष्ठभागावर पडणाऱ्या प्रकाशाचे एकक. भर दुपारचे ऊन सुमारे १,००,००० लक्स, कामाच्या टेबलावरचा उजेड ३०० ते ५००, आणि पौर्णिमेचे चांदणे फार तर ०.३. खोक्यावर '०.००५ लक्स' लिहिलेले असते. हा कॅमेरा चांदण्याहूनही कमी उजेडात रंगीत चित्र दाखवेल, असा त्याचा अर्थ घेतला जातो. दाखवतोही, पण बऱ्याचदा शटर खूप वेळ उघडे ठेवून. शटर सेकंदाचा तिसरा भाग उघडे राहिले, तर साध्या चालीने जाणारा माणूस तेवढ्यात सुमारे ४५ सेंटिमीटर पुढे सरकतो. भिंत, झाड, उभी गाडी सुरेख दिसते आणि चालणारा माणूस धुरासारखा पुसट. म्हणून लक्सच्या आकड्यासोबत शटरचा वेग दिलेला नसेल, तर त्या आकड्यावर विसंबू नये.

दुसरा उपाय आयआर, म्हणजे अवरक्त दिव्यांचा. डोळ्याला न दिसणारा हा प्रकाश सेन्सरला दिसतो. ८५० नॅनोमीटरचे दिवे अंधारात मंद लाल चमकतात. ९४० नॅनोमीटरचे अजिबात दिसत नाहीत, पण सेन्सरची संवेदना तिथे कमी असल्याने त्यांचा पल्लाही कमी पडतो. दिवसा हाच अवरक्त प्रकाश रंग बिघडवतो, म्हणून सेन्सरपुढे त्याला अडवणारी एक काच असते. अंधार पडताच ती बाजूला सरकते. संध्याकाळी कॅमेऱ्यातून येणारा 'टक्' आवाज तिचाच. ती काच अडकली, तर दिवसा चित्र जांभळट-गुलाबी दिसते किंवा रात्री काळोख राहतो.

'आयआर ३० मीटर' याचा अर्थ तीस मीटरवर काहीतरी उजळेल, एवढाच. चेहरा किती मीटरवर ओळखू येईल हे पुन्हा पिक्सेल प्रति मीटरच ठरवते. शिवाय आयआरमध्ये रंग उरत नाहीत, आणि काही काळे कपडे पांढुरके दिसतात. 'काळा शर्ट घातलेला' माणूस फुटेजमध्ये शोधताना हे ध्यानात असू द्यावे.

रात्रीचे चित्र धुक्यासारखे पांढरे झाले, तर आधी कॅमेऱ्याला दोष देऊ नये. लेन्सपुढचे कोळ्याचे जाळे, डोमच्या (घुमटाकार कॅमेऱ्याच्या) काचेवरची धूळ आणि बोटांचे ठसे, किंवा कॅमेऱ्याला चिकटून असलेली पांढरी भिंत, यांवरून आयआर परत लेन्समध्ये येतो. मऊ कापडाने पुसणे आणि कॅमेरा भिंतीपासून थोडा वळवणे, एवढ्यात बहुतेक वेळा काम होते.

दारात उभा राहिला की काळी आकृती

आत कॅमेरा आणि त्याच्यासमोर उघडे दार, असे असले की आत येणारा माणूस सावलीसारखा काळा दिसतो. बाहेरचे ऊन आणि आतला उजेड यांतली तफावत एका झटक्यात पकडणे सेन्सरला जमत नाही. 'डब्ल्यूडीआर' म्हणजे जवळजवळ एकाच क्षणी एक कमी आणि एक जास्त उजेडाचे चित्र घेऊन दोन्ही सांधणे. त्याची क्षमता डेसिबलमध्ये देतात. १२० डेसिबल म्हणजे सर्वात उजळ आणि सर्वात काळोख्या भागात दहा लाखांस एक असे प्रमाण. 'डीडब्ल्यूडीआर' हा एका अक्षराने लांब शब्द मात्र कमी दर्जाचा आहे. त्यात एकच चित्र घेऊन सॉफ्टवेअरने काळा भाग उजळवतात, आणि टिपलाच न गेलेला तपशील उजळवून येत नाही. दारासमोरच्या कॅमेऱ्याला खरा डब्ल्यूडीआर हवाच.

फ्रेम रेट आणि शटर वेगळे

फ्रेम रेट म्हणजे सेकंदाला किती चित्रे घेतली. शटर म्हणजे त्यातले प्रत्येक चित्र घेताना सेन्सर किती वेळ उघडा होता. धावत्या गाडीची नंबर प्लेट वाचता आली नाही की लोक फ्रेम रेट वाढवतात. त्याने पुसट चित्रे जास्त मिळतात, इतकेच. ताशी ३६ किलोमीटरने जाणारी गाडी सेकंदाला १० मीटर सरकते. शटर १/२५ सेकंद असेल तर एका चित्रातच ती ४० सेंटिमीटर हलते. १/५०० केले तर २ सेंटिमीटर. प्लेटसाठी १/५०० ते १/१००० शटर लागते, आणि मग प्रकाशही तितकाच जास्त लागतो. साध्या देखरेखीला सेकंदाला १२ ते १५ चित्रे पुरतात. २५ चा आग्रह रोखपालाच्या टेबलासारख्या, हाताच्या हालचाली बघायच्या जागी धरावा.

बिटरेट: इथे बहुतेकांचे फुटेज बिघडते

दोन मेगापिक्सेलचे, सेकंदाला २५ चित्रांचे चित्रण जसेच्या तसे साठवायचे तर सेकंदाला सुमारे ६२० मेगाबिट लागतील. प्रत्यक्षात ते ४ मेगाबिटमध्ये कोंबतात, म्हणजे सुमारे दीडशेपट दाबून. हे दाबण्याचे काम 'कोडेक' करतो. एच.२६४ (२००३) आणि एच.२६५ (२०१३) ही त्याची सध्या सर्वत्र वापरात असलेली रूपे. युक्ती साधी आहे: एक चित्र पूर्ण ठेवायचे आणि पुढच्या चित्रांत फक्त काय बदलले ते लिहायचे. भिंत हलत नाही, मग ती पुन्हा पुन्हा कशाला नोंदवा? एच.२६५ तोच दर्जा सुमारे निम्म्या जागेत देतो.

सेकंदाला किती मेगाबिट खर्चायचे, हा बिटरेट. तो मुद्दाम कमी ठेवला की डिस्कवर जास्त दिवस मावतात, पण कोडेक तपशील फेकू लागतो, आणि तेही नेमके हालचालीच्या जागी. आठ मेगापिक्सेलचा कॅमेरा २ मेगाबिटवर चालवणे म्हणजे बारीक चौकटींचा आलेख-कागद विकत घेऊन त्यावर कोळशाने चित्र काढण्यासारखे. रात्री चित्रात मुंग्या दिसतात, त्यांनाही कोडेक 'बदल' समजतो आणि त्यांच्यावरच बिट उधळतो. म्हणून रात्री प्रकाश वाढवला की फुटेज सुधारतेच, शिवाय डिस्कही वाचते.

हिशेब पाठ करण्याजोगा आहे. १ मेगाबिट प्रति सेकंद म्हणजे दिवसाला १०.८ गिगाबाइट. (आठ बिटांचा एक बाइट, दोन्हींची गल्लत केली की उत्तर आठपट चुकते.) ४ मेगाबिटचे चार कॅमेरे दिवसाला १७२.८ गिगाबाइट खातात. २ टेराबाइटची डिस्क साडेअकरा दिवसांत भरते आणि मग रेकॉर्डर सर्वात जुने पुसून त्यावर नवे लिहू लागतो. 'महिन्याभराचे फुटेज आहे' असे गृहीत धरून पंधराव्या दिवशी शोधायला गेलेल्या माणसाच्या हाती काही लागत नाही ते यामुळे.

डीव्हीआर, एनव्हीआर आणि वायर

हे रेकॉर्डरचे दोन प्रकार. डीव्हीआरला कॅमेरा आपले चित्र कोअॅक्शिअल (टीव्हीच्या केबलसारख्या) केबलने पाठवतो आणि दाबण्याचे काम डीव्हीआर करतो. एनव्हीआरकडे कॅमेरा स्वतः दाबलेले चित्र नेटवर्क केबलने पाठवतो. त्या केबलची मर्यादा १०० मीटर. 'पीओई' म्हणजे त्याच केबलमधून वीजही जाणे. मूळ मानकात स्विच (नेटवर्क केबली जोडायचा डबा) एका कॅमेऱ्याला १५.४ वॉटपर्यंत देतो, 'पीओई प्लस'मध्ये ३० वॉट. एका कंपनीचा कॅमेरा दुसऱ्या कंपनीच्या रेकॉर्डरला जोडायचा असेल तर दोन्हींवर 'ऑनव्हिफ' बघावे. २००८ साली सुरू झालेली ही सामायिक बोली आहे.

कॅमेरा दिवसा चालतो आणि रात्री बंद पडून पुन्हा सुरू होत राहतो, ही तक्रार जवळपास नेहमी वायरची असते. अंधार पडला की आयआर दिवे लागतात आणि विजेची मागणी वाढते. समजा १२ व्होल्टचा कॅमेरा रात्री अर्धा अँपिअर घेतो आणि ०.५ चौरस मिमीची तांब्याची वायर ४० मीटर लांब आहे. जाणारी आणि येणारी मिळून ८० मीटर, रोध पावणेतीन ओहम, आणि वाटेत १.४ व्होल्ट गळतात. कॅमेऱ्याला मिळतात १०.६. वायर अॅल्युमिनिअमवर तांब्याचा मुलामा दिलेली असेल तर गळती आणखी वाढते. कॅमेरा बदलण्याआधी रात्री, आयआर चालू असताना, कॅमेऱ्याच्या टोकाला मल्टिमीटर लावून बघावा.

दोन 'आयपी'

'आयपी कॅमेरा' यातला आयपी इंटरनेटचा, तर 'आयपी६७' मधला धूळ-पाण्यापासून संरक्षणाचा. पहिला अंक धुळीचा, ६ म्हणजे धूळ अजिबात आत जात नाही. दुसरा पाण्याचा: ६ म्हणजे जोराचा फवारा सोसतो, ७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास. हे संरक्षण कॅमेऱ्याच्या अंगाला आहे, बाहेर लोंबणाऱ्या जोडाला नाही. पाणी तिथूनच शिरते, म्हणून जोड बंद डबीत ठेवावा. 'आयके१०' हा धक्क्याचा आकडा, २० ज्यूल: पाच किलोचे वजन ४० सेंटिमीटरवरून पडावे तेवढा.

इंटरनेटच्या आयपीबद्दल एक गोष्ट ठासून सांगायला हवी. २०१६ साली 'मिराई' नावाच्या दुष्ट प्रोग्रॅमने जगभरातले कॅमेरे आणि डीव्हीआर ताब्यात घेतले, आणि त्यांच्याकरवी मोठमोठ्या संकेतस्थळांवर हल्ले चढवले. शिरकावाची युक्ती अगदी किरकोळ होती: कारखान्यातून आलेला पासवर्ड कुणी बदललेलाच नव्हता. तो पहिल्याच दिवशी बदलावा आणि रेकॉर्डर थेट इंटरनेटवर उघडा ठेवू नये.

आवाज का कळत नाही

बऱ्याच कॅमेऱ्यांत आवाज सेकंदाला ८००० वेळा मोजून साठवतात. या पद्धतीत मोजणीच्या निम्म्या, म्हणजे ४००० हर्ट्‌झपर्यंतचेच स्वर टिकतात. 'स', 'श' यांची बरीचशी ओळख त्याहून वरच्या स्वरांत असते, म्हणून शब्द मिसळून जातात. सेटिंगमध्ये १६,००० चा पर्याय असेल तर तो निवडावा. त्याहून मोठा फरक अंतराचा: मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की आवाज ६ डेसिबलने उतरतो. छतावरच्या कॅमेऱ्यातल्या माइकला बोलणाऱ्यापेक्षा पंखा जवळ असतो. बोलणे ऐकायचेच असेल तर वेगळा माइक टेबलाजवळ लावावा, आणि अनेक देशांत आवाज टिपण्याचे नियम चित्रापेक्षा कडक असतात, ते आधी पाहावेत.

फुटेज 'साफ' करून चेहरा काढता येत नाही का?

उजेड कमी-जास्त करणे, लागोपाठच्या चित्रांची सरासरी काढून मुंग्या घालवणे, हे करता येते आणि उपयोगीही पडते. पण सहा चौकटींचा चेहरा 'स्वच्छ' करून देणारे आजचे कृत्रिम बुद्धिमत्तेचे प्रोग्रॅम तपशील शोधून काढत नाहीत, रचतात. शिकवताना दाखवलेल्या हजारो चेहऱ्यांवरून ते एक पटण्याजोगा चेहरा तयार करतात. तो कुणाचाही असू शकतो. अशा चित्रावरून निरपराध माणसाकडे बोट दाखवले जाऊ शकते, म्हणून ते पुरावा म्हणून फिरवणे धोक्याचे आहे.

फुटेज काढताना

मोबाइलवर दिसते ते बहुधा 'सब-स्ट्रीम', म्हणजे डेटा वाचवण्यासाठी पाठवलेली लहान प्रत. डिस्कवर 'मेन स्ट्रीम', म्हणजे पूर्ण प्रत असते. मॉनिटरसमोर मोबाइल धरून काढलेला व्हिडिओ तर त्याहून निकृष्ट. म्हणून घटना घडल्यावर आधी रेकॉर्डरवरूनच मूळ फाइल पेन ड्राइव्हवर घ्यावी, घटनेच्या आधीची आणि नंतरची प्रत्येकी दहा-पंधरा मिनिटे धरून. रेकॉर्डरने विचारल्यास त्या कंपनीचा प्लेअर, म्हणजे फाइल चालवणारा प्रोग्रॅमही सोबत घ्यावा, नाहीतर काही वेळा फाइल उघडत नाही.

घड्याळही बघावे. रेकॉर्डरचे घड्याळ दिवसाला दोन सेकंद चुकले तरी वर्षात बारा मिनिटांचा फरक पडतो. रेकॉर्डर नेटवर्कला जोडलेला असेल तर 'एनटीपी' चालू करावे. ते घड्याळ आपोआप जुळवत राहते. फाइल घेताना पडद्यावरची वेळ आणि खरी वेळ शेजारी शेजारी लिहून ठेवावी.

आणि हे सगळे घटनेची वाट न बघता आधीच तपासता येते. रात्री, नेहमीचे दिवे जसे असतात तसेच ठेवून, एका माणसाला फाटकातून नेहमीच्या चालीने आत यायला सांगा. दुसऱ्या दिवशी ते रेकॉर्डिंग पेन ड्राइव्हवर घ्या, संगणकावर एक चित्र थांबवा, ते चित्रांच्या साध्या प्रोग्रॅममध्ये उघडा आणि कानापासून कानापर्यंत किती पिक्सेल आहेत ते मोजा. चाळिसाच्या आसपास आले आणि कडा पुसट नसतील, तर कॅमेरा जागेवर आहे. पंधरा आले, तर लेन्स बदला.